सूची पुन्हा छापायची, पण दुरुस्त करून

१ जानेवारी २०२५ या दिवशी शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’वरचा स्वामित्वहक्क संपला. दाते १९६४ मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे आता ही सूची कोणालाही छापता येईल, अक्षरजुळणी करून महाजालावर ठेवता येईल, तिच्यात भर घालता येईल. १८०० ते १९३७ या काळात मराठीत छापलेल्या पुस्तकांची नोंद तिच्या पहिल्या भागात आहे. तो भाग १९४३ मध्ये निघाला. १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा भाग १९६१ चा. दीडशे वर्षांच्या छापील मराठीचा एवढा विस्तृत हिशेब दुसऱ्या कोणी मांडलेला नाही. तो सर्वांच्या मालकीचा झाला, त्या दिवसाची दखल कुठे घेतलेली मात्र माझ्या वाचनात आली नाही.

ही सूची पुन्हा छापली पाहिजे, सार्वजनिक पैशातून छापली पाहिजे, आणि जशीच्या तशी छापून थांबता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. दात्यांची सूची हे यातलं सर्वांत मोठं उदाहरण. पण मराठीतल्या बहुतेक जुन्या संदर्भग्रंथांना हेच लागू पडतं.

ज्यांना सूची हाताळण्याचा प्रसंग आला नाही त्यांना वाटेल, पुस्तकांच्या नावांची यादी ती काय, तिच्यासाठी एवढा आग्रह कशाला? दात्यांच्या आधीही याद्या होत्या. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे संचालक अलेक्झांडर ग्रँट यांच्या नावाने १८६४ अखेरपर्यंतच्या देशी प्रकाशनांची यादी निघाली. १८६७ च्या कायद्याने छापखान्यांना पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करणं बंधनकारक झालं, तेव्हापासून इलाख्याच्या तिमाही याद्या निघू लागल्या. ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती पुस्तकांची ब्लूमहार्ट यांची सूची १८९२ ची आहे. पण सरकारी यादीत सरकारकडे आलेलंच पुस्तक येणार, आणि संग्रहालयाच्या सूचीत त्या संग्रहालयात असलेलंच. भाषेत जे जे छापलं गेलं ते सगळं एका ठिकाणी, विषयवार, लेखक-साल-स्थळ-पृष्ठांसह मांडण्याचं काम कोणत्या खात्याने हाती घेतलं नव्हतं. ते एका माणसाने अंगावर घेतलं. ग्रंथालयांमागून ग्रंथालयं धुंडाळत, नोंदीला नोंद जोडत त्याने ते केलं. संगणक नाही, झेरॉक्स नाही, आणि पहिला भाग छापला गेला तो महायुद्धाच्या ऐन कागदटंचाईत.

या कामाचा उपयोग काय, ते दोन पुस्तकांवरून सांगतो. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात श्रीशिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यानंतर ते जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांसमोर आणलं, आणि आज स्त्रीमुक्तीचा मराठी इतिहास त्याच्याशिवाय सांगताच येत नाही. पाचशे प्रतींचं पुस्तक नव्वद वर्षांनी सापडू शकतं, कारण कुठेतरी एक प्रत उरलेली असते आणि असं पुस्तक होतं हे सांगणारी एखादी ओळ कुठेतरी असते. प्रत उरेल की नाही हा दैवाचा भाग. ती ओळ मात्र माणसाने लिहावी लागते.

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे. जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ १८५५ मध्ये लिहून झालं होतं, पण छापून वाचकांसमोर आलं ते १९७९ मध्ये. आज ते मराठीतल्या पहिल्या आधुनिक नाटकांमध्ये गणलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण एकोणिसाव्या शतकातल्या कोणा नाटककारावर त्याचा प्रभाव पडला असं कोणी लिहू लागलं, तर विचारावं लागेल की तेव्हा ते छापलं होतं का? उत्तर सूचीत मिळतं, आणि ते मिळतं नोंदीच्या अभावातून. संशोधनात ‘आहे’ इतकीच ‘नाही’ ही माहितीही मोलाची असते.

पण ‘नाही’ला पुरावा म्हणून वजन येतं ते सूची विश्वासार्ह असली तरच. सूचीकाराच्या नजरेतून निसटलेलं पुस्तक आणि मुळात न छापलेलं पुस्तक, दोन्ही सूचीत सारखीच गैरहजर असतात. दात्यांच्या नंतरच्या ऐंशी वर्षांत त्यांच्या नजरेतून सुटलेली पुस्तकं गावोगावच्या ग्रंथालयांत, वाड्यांच्या माळ्यांवर, लंडनच्या संग्रहांत सापडत आली आहेत. एखाद्या संशोधकाने आपल्या प्रबंधाच्या तळटीपेत ‘ही आवृत्ती दात्यांच्या सूचीत नाही’ असं नोंदवलं की ती माहिती त्या प्रबंधातच राहते. सूची आहे तशीच राहते, आणि पुढचा अभ्यासक तिच्यावर विसंबून चुकीचा निष्कर्ष काढतो. म्हणून जुनी सूची केवळ छायामुद्रित करून पुन्हा बाजारात आणली, तर तिच्यातल्या सुटलेल्या जागाही नव्याने प्रमाण ठरतात. नव्या कागदावर, नव्या बांधणीत, संस्थेचं नाव घेऊन आलेल्या पानावर वाचक जास्तच विश्वास ठेवतो.

राज्य मराठी विकास संस्थेने २००० मध्ये दात्यांच्या सूचीचं पुनर्मुद्रण केलं. शरद केशव साठे यांनी त्यापुढच्या काळाची सूची करण्याचं चिकाटीचं काम केलं. हे दोन्ही उपकार आहेत आणि ते मी उपकार म्हणूनच मोजतो. २००० चं पुनर्मुद्रण झालं नसतं तर त्यानंतर अभ्यासाला लागलेल्या पिढीला मूळ प्रत पाहायलाही मिळाली नसती. पण त्यालाही पाव शतक लोटलं आहे. आता पुढचं पाऊल टाकायचं, तर ते दुरुस्तीचं असायला हवं.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय? सर्वांत आधी सालं. एकोणिसाव्या शतकातल्या किती तरी पुस्तकांच्या शीर्षकपानावर शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे आपण शाळेत शिकतो. पण वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. शके १८०४ च्या माघात निघालेलं पुस्तक १८८३ चं, चैत्रातलं १८८२ चं. शीर्षकपानावर महिना नसला तर दोन्ही शक्यता उरतात. एखाद्या वादात कोणी कोणाला उत्तर दिलं हे ठरवताना हे एक वर्ष सगळा निकाल फिरवू शकतं. प्रस्तावनेखालची तारीख, नियतकालिकात आलेली पोच, सरकारी तिमाही यादीतली नोंद अशा आधारांनी आता अनेक ठिकाणी हा गुंता सुटू शकतो.

मग नावं. माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन आणि बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे हे सर्वांना ठाऊक आहे. ते सांगायला सूची नको. खरा प्रश्न आहे तो ज्यांना साहित्याच्या इतिहासात जागा मिळाली नाही अशा लेखकांचा. ‘एक गृहस्थ’, ‘एक हिंदू’, ‘ग्रंथकर्त्रीचे नाव गुप्त’ अशा नावांनी छापलेली पुस्तकं, माहेरच्या नावाने एक आणि सासरच्या नावाने दुसरं पुस्तक काढणाऱ्या बायका. विभावरी शिरूरकर, बाळूताई खरे आणि मालती बेडेकर या एकच, हे आज आपल्याला माहीत आहे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हाती घेतलेल्या वाचकाला ते माहीत नव्हतं, आणि त्या न कळण्यामुळे केवढं वादळ उठलं होतं! मालतीबाई मोठ्या लेखिका होत्या म्हणून त्यांचा उलगडा झाला. एकच पुस्तक लिहून थांबलेल्या शेकडो बायकांचा उलगडा करणारं कोणी नव्हतं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत स्त्रियांच्या लेखनावर झालेल्या अभ्यासातून असे बरेच धागे हाती आले आहेत. ते सगळे त्या त्या पुस्तकांत विखुरलेले आहेत. सूचीत येऊन बसले तर पुढच्या माणसाला त्यांचा उपयोग होईल.

आणि शोध. आज अभ्यासक सूची वाचत नाही, शोधखिडकीत शब्द टाकतो. दात्यांच्या काळचं लेखन हे १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांच्या आधीचं. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’, ‘मुंबईंतील’ अशा अनुच्चारित अनुस्वारांनी पान भरलेलं असतं. त्या पानाचं नुसतं छायाचित्र काढून त्यावर यंत्राने अक्षरओळख चालवली, तरी आजचं शुद्धलेखन शिकलेल्या मुलीने टाकलेला शब्द त्या पानावर सापडत नाही. झिजलेल्या खिळ्यांची छपाई, जोडाक्षरं आणि वेलांट्या यांतून यंत्र आणखी चुका करतं. मूळ लेखन तसंच ठेवून त्यामागे आजचं लेखन जोडण्याचं काम माणसालाच करावं लागेल, आणि ते मराठीच्या पदव्युत्तर वर्गांना सहज देता येईल. एका सत्रात एका विद्यार्थ्याने पन्नास पानं तपासली तरी तो ग्रंथव्यवहाराचा इतिहास जितका शिकेल, तितका मार्गदर्शकांच्या टिपणांतून शिकणार नाही.

असं काम दुसरीकडे झालेलं आहे. इंग्लंडमध्ये १४७५ ते १६४० या काळातल्या इंग्रजी छापील पुस्तकांची पोलार्ड आणि रेडग्रेव्ह यांची सूची १९२६ मध्ये निघाली. सुमारे सव्वीस हजार नोंदी. पुढे ती अनेकदा जशीच्या तशी छापली गेली. पण त्याच वेळी ग्रंथपाल, संग्राहक, जुनी पुस्तकं विकणारे आपापल्या प्रतींच्या समासात दुरुस्त्या लिहीत होते, आणि त्या दुरुस्त्या गोळा करणारी माणसंही होती. त्यातून सुधारलेली आवृत्ती तयार झाली. तिचे तीन खंड १९७६, १९८६ आणि १९९१ मध्ये निघाले. पहिल्या आवृत्तीला पन्नास वर्षं, मग आणखी पंधरा. तिच्यात प्रत्येक पुस्तकाची प्रत कोणत्या ग्रंथालयात आहे तेही दिलं आहे. तिचा सगळा ऐवज पुढे महाजालावरच्या सूचीत गेला. मूळ क्रमांक शक्यतो कायम ठेवले होते, म्हणून १९२६ नंतरच्या लेखांमधले हवाले आजही लागतात.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे, संस्कृतचं. थिओडोर आउफ्रेख्ट यांनी केलेली संस्कृत हस्तलिखितांची सूची १८९१ ते १९०३ या काळात लाइप्झिगला निघाली. १९६२ मध्ये जर्मनीतच ती पुन्हा छापली गेली. पण तोवर मद्रास विद्यापीठाने नव्या सूचीचं काम सुरू करून तिचा पहिला खंड १९४९ मध्येच काढला होता, पुढे व्ही. राघवन यांनी ते काम खांद्यावर घेतलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं. जुन्या सूचीचं पुनर्मुद्रण आणि नव्या सूचीची उभारणी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. हस्तलिखितांच्या बाबतीत या देशात जे शक्य झालं ते छापील मराठी पुस्तकांच्या बाबतीत का होऊ नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. पीडीएफ उपलब्ध असताना कागदावर कशाला? हा आक्षेप मी उडवून लावत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर क्षणात शोधता येतो, आणि त्याने अमेरिकेतल्या मराठी घरांपासून गडचिरोलीच्या महाविद्यालयापर्यंत सर्वांची सोय झाली आहे. पण १८५७ च्या त्या आवृत्तीचं १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वतने ना. गो. कालेलकरांच्या प्रस्तावनेसह पुनर्मुद्रण केलं नसतं, तर महाजाल येण्याआधीची पंचवीस वर्षं तो कोश संस्थांच्या कपाटांतच राहिला असता. शिवाय शोधखिडकी तुम्हाला तुम्ही विचारलेलंच देते. विषयवार सूचीचं पान उघडलं की तुम्ही न विचारलेलंही समोर येतं. वैद्यकावरचं एक पुस्तक शोधायला गेलेला माणूस शेजारच्या नोंदींमधून प्लेग, देवी, बाळंतपण, हकिमी औषधं यांवरची डझनभर पुस्तकं पाहतो आणि त्याचा प्रश्नच बदलतो. अनेक प्रबंधांचे विषय असे शेजारच्या ओळीतून निघालेले आहेत. दोन्ही हवं: शोधायला संगणकावर, चाळायला कागदावर. आणि संस्थांची संकेतस्थळं किती वर्षं टिकतात, दुवे कसे तुटतात, हे आपण सगळेच पाहतो. शिवणीची बांधणी आणि आम्लविरहित कागद असला तर ग्रंथ शंभर वर्षं सहज टिकतो. १८७० नंतरच्या लाकडी लगद्याच्या कागदाची पुस्तकं आज हात लावताच तुटतात आणि त्याआधीची चिंधीच्या कागदावरची अजून लवचीक आहेत, हे ज्याने दुर्मिळ विभागात एक तास घालवला आहे त्याला सांगावं लागत नाही. पाठीला नुसता गोंद लावून चिकटवलेला हजार पानांचा संदर्भग्रंथ ग्रंथालयात दोन वर्षांत सुटा होतो. तसा छापायचा असेल तर न छापलेला बरा.

दुसरा आक्षेप पैशाचा. घेणार कोण? खरं आहे, बाजाराच्या हिशेबात हे बसत नाही. तरीही मराठीतला हा भार बराच काळ खासगी प्रकाशकांनी वाहिला. वरदा प्रकाशनाचे ह. अ. भावे यांनी य. रा. दाते (हे दाते वेगळे, सूचीकार नव्हेत) आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ पुन्हा छापून सामान्य वाचकाच्या आवाक्यात आणले. शब्दकोशाचे मूळ सात खंड १९३२ ते १९३८ मधले आणि पुरवणी १९५० ची. भाव्यांनी हात घातला नसता तर माझ्या पिढीतल्या कित्येक शिक्षकांच्या घरी तो कोश नसता. त्याआधी केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले ते भागभांडवल आणि आगाऊ वर्गणीदार जमवून. ही परंपरा अभिमानाची आहे. पण तिच्या जोरावर शासनाने आणि विद्यापीठांनी हात झटकून मोकळं व्हावं हे मला मान्य नाही. शब्दकोश घराघरांत खपू शकतो. ग्रंथसूची खपत नाही. तिचा थेट वापर करणारे काही शे लोक असतील, पण त्या काही शे लोकांच्या कामावर पाठ्यपुस्तकं, चरित्रं, विश्वकोशातल्या नोंदी, शताब्दी-अंक उभे राहतात. रस्त्याचा नकाशा करणाऱ्या खात्याला कोणी विचारत नाही की नकाशाच्या प्रती किती विकल्या.

आणि बाजारावर सोडलं की काय होतं तेही दिसतंच आहे. स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची महाजालावरची छायाचित्रं उतरवून मागणीनुसार एकेक प्रत छापून विकणारे बरेच झाले आहेत. पानं गळलेली, घडीचे नकाशे दुमडलेल्या अवस्थेतच टिपलेले, कोणा ग्रंथालयाचा शिक्का मजकुरावर, आणि किंमत मात्र दुर्मिळ ग्रंथाची. मूळ प्रत कुठली याचा पत्ता नाही. कथा-कादंबरीत दोन पानं गेली तर वाचकाच्या लगेच लक्षात येतं. सूचीत दोन पानं गेली तर त्या पानांवरची साठ-सत्तर पुस्तकं अस्तित्वातच नव्हती असा समज होतो, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. दात्यांचा हक्क आता खुला झाला आहे, तेव्हा हा धोका अधिकच जवळ आला आहे. जबाबदार संस्थेने आधी पाऊल उचललं नाही, तर बेजबाबदार आवृत्ती आधी बाजारात येईल.

संग्राहकांबद्दलही दोन शब्द. जुनी पुस्तकं जमवणारा म्हणजे हौशी श्रीमंत, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. प्रत्यक्षात अप्पा बळवंत चौकातल्या आणि मुंबईच्या फुटपाथांवरच्या ढिगांतून पुस्तकं वाचवणारे बहुतेक जण शिक्षक, बँकेतले कर्मचारी, छोटे व्यावसायिक असतात. ग्रंथालयं जागा नाही म्हणून जे रद्दीत काढतात, ते हेच लोक उचलतात. आपल्या हातात आलं आहे ते काय, पहिली आवृत्ती की तिसरी, आधीच नोंदलेलं की अजून कोणाला ठाऊक नसलेलं, हे त्यांना कळायला सूची हवी. ती परवडेल अशा किमतीला मिळाली तर हेच लोक तिचे सर्वांत चांगले दुरुस्तीकार होतील. इंग्लंडमधल्या सूचीच्या दुरुस्त्यांत संग्राहक आणि विक्रेते यांचा वाटा होताच. आपल्याकडे संग्राहक आणि विद्यापीठ यांच्यात संशयाचं नातं आहे. पुस्तक दाखवलं तर हातचं जाईल अशी एकाला भीती, आणि दुसऱ्याला पदवी नसलेल्या माणसाचा शब्द प्रमाण मानायला संकोच. सूचीच्या दुरुस्तीत शीर्षकपानाचं छायाचित्र हाच पुरावा धरला तर हा प्रश्न बराचसा सुटतो. पुस्तक ज्याचं त्याच्याकडे राहू दे, नोंद सर्वांची होऊ दे.

यात सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं काम म्हणजे प्रतींचा ठावठिकाणा. पुस्तक होतं हे कळलं. आता ते पाहायचं कुठे? रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचं १८९८ मध्ये सुरू झालं. एवढं जुनं ग्रंथालयांचं जाळं असलेला प्रदेश देशात विरळा. पण एका पुस्तकाची प्रत यांतल्या कोणाकडे आहे हे जाणण्यासाठी अजूनही फोन करावे लागतात, ओळखी काढाव्या लागतात, आणि ‘दाखलांक आहे, पण पुस्तक जागेवर नाही’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. दात्यांच्या नोंदींवर खुणा करत या दहा-पंधरा ग्रंथालयांनी आपापले दुर्मिळ विभाग तपासले, तर दोन वर्षांत कळेल की कोणत्या पुस्तकाच्या दहा प्रती आहेत, कोणत्याची एकच, आणि कोणत्याची एकही नाही. एकच प्रत असलेल्या पुस्तकांचं जतन आणि संगणकीकरण आधी करायचं, हा प्राधान्यक्रम तेव्हा आपोआप ठरेल. आज जतनाचा पैसा जिथे मागणी जोरात तिथे जातो, आणि पुष्कळदा एकाच पुस्तकाची छायाचित्रं तीन-तीन संस्था काढतात.

हे आत्ताच का, त्याचं एक कारण कायद्यातही आहे. छापखान्यांना पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करायला लावणारा १८६७ चा कायदा आता राहिला नाही. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, आणि त्यात फक्त नियतकालिकं आहेत. पुस्तकं वगळली आहेत. नियतकालिकांवरचा नोंदणीचा जाच कमी झाला हे स्वागतार्ह आहे. पण दीडशे वर्षं पुस्तकांच्या नोंदीचा जो एक सरकारी धागा होता तो तुटला. उरला १९५४ चा कायदा, ज्याखाली प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. न पाठवल्यास दंड ठरवला तो फार तर पन्नास रुपये आणि पुस्तकाची किंमत. लेखक स्वखर्चाने काढतो आणि आपल्या गावातच वाटतो अशी पुस्तकं या जाळ्यात येत नाहीत, आणि ग्रामीण, दलित, आदिवासी लेखनाचा मोठा भाग नेमका असाच छापला जातो. भविष्यातल्या सूचीकाराला आपल्या काळाचा शोध दात्यांना एकोणिसाव्या शतकाचा लागला त्याहून कठीण जाईल.

पैसा कुठून, हा प्रश्न आता पूर्वीसारखा अडचणीचा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहिलं. दर्जा मिळवताना आपण दोन हजार वर्षांच्या वारशाचे दाखले दिले. गेल्या दोनशे वर्षांत आपण छापलं काय, याचा पक्का हिशेब देता येत नसेल तर त्या वारशाची राखण आपण कशी करणार? राज्य मराठी विकास संस्था, रिद्धपूरचं विद्यापीठ आणि जुन्या ग्रंथालयांच्या संस्था यांनी मिळून हे काम घ्यावं. पहिल्या टप्प्यात मूळ सूचीचं स्वच्छ छायामुद्रण, कोणत्या प्रतीवरून केलं ते सांगून. मूळ पानं आणि मूळ क्रम हलवायचे नाहीत, म्हणजे जुने हवाले शाबूत राहतील. त्याला जोडून स्वतंत्र खंडात दुरुस्त्या, भर, टोपणनावांची आणि मुद्रणालयांची सूची, आणि प्रतींचे ठावठिकाणे. छपाई चारशे-पाचशे प्रतींचीच पुरे. प्रत्येक जिल्ह्याच्या ‘अ’ दर्जाच्या ग्रंथालयाला, मराठी विभाग असलेल्या प्रत्येक विद्यापीठाला, आणि बडोदा, इंदूर, तंजावर, हैदराबाद, पणजी इथल्या संस्थांना एकेक. उरलेल्या विक्रीला. आणि सगळा मजकूर खुल्या स्वरूपात, कोणालाही उतरवून घेता येईल असा महाजालावर. शेवटचं कलम करारातच हवं, कारण सार्वजनिक पैशातून तयार झालेली माहिती पुढे एखाद्या कार्यालयाच्या संगणकात कुलूपबंद होते, असं आपल्याकडे फार वेळा झालं आहे.

गोव्याचा विचार यात पहिल्यापासून असायला हवा. दात्यांची सुरुवात १८०० पासून. पण मराठी त्याआधी गोव्यात रोमन लिपीत छापली गेली होती. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, पुढे आणखी दोनदा, आणि त्या तीनही आवृत्त्यांची छापील प्रत अभ्यासकांच्या हाती लागलेली नाही. हस्तलिखितांवरून ते टिकलं. अ. का. प्रियोळकरांनी गोव्यातल्या आणि एकूण भारतातल्या मुद्रणाचा जो शोध घेतला त्याच्या आधारे १८०० पूर्वीची एक पुरवणी सहज तयार होऊ शकेल. लिपी रोमन म्हणून ती पुस्तकं मराठीच्या हिशेबातून बाहेर ठेवणं मला चुकीचं वाटतं, आणि या पुरवणीवर कोंकणीच्या अभ्यासकांचाही तितकाच हक्क आहे. काही पुस्तकांची नोंद दोन्ही भाषांच्या सूचीत झाली तर कोणाचं काही बिघडत नाही.

दात्यांनंतर लगेच हाती घ्यायची ती १९६९ मधली १८०० ते १९५० च्या नियतकालिकांची सूची. ती मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने काढली, आणि दात्यांबरोबर काळे आणि बर्वे यांचं नाव तिच्यावर आहे. तिच्या हक्काचा हिशेब दात्यांच्या एकट्याच्या ग्रंथांहून वेगळा पडेल, म्हणून परवानगीचं काम आजच सुरू करावं. नियतकालिकांच्या बाबतीत ठावठिकाण्याची गरज तर पुस्तकांहून जास्त आहे. ‘ज्ञानोदय’, ‘दीनबंधु’, ‘विविधज्ञानविस्तार’ यांचं नाव सगळे घेतात. पण कोणत्या वर्षाचे कोणते अंक कोणत्या गावी आहेत, मधले कोणते कुठेच नाहीत, हे अंकागणिक कोणी मांडलेलं नाही. ‘दीनबंधु’चे सलग अंक मिळत नाहीत म्हणून सत्यशोधक चळवळीच्या इतिहासातली वर्षंच्या वर्षं दुसऱ्यांच्या, पुष्कळदा विरोधकांच्या, पत्रांवरून लिहावी लागली आहेत. सुटे अंक कोणाच्या घरी, कोणा संस्थेच्या पेटीत असतीलही. कोणते हवे आहेत याची छापील यादी गावोगाव पोचली, तर ते बाहेर येण्याची शक्यता आहे.